मासे नंतर, आधी पाणी

...नाही, पण मला एक सांगा, माशांच्या दुकानात जाऊन माणूस मासे नाही मागणार तर काय मागणार? टाकी घेतली, हीटर घेतला, फिल्टर घेतला आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, ‘आता ते निळे-लाल सहा द्या!’ तर दुकानदार कपाळाला हात लावून म्हणतो कसा, ‘साहेब, मासे नंतर, आधी पाणी!’ अहो, पाणी आहे की घरी! ‘तसं नाही हो. आधी फिल्टरच्या स्पंजात चांगले जंतू वाढू द्या, महिना लागतो. माशांची घाण तेच संपवतात. ते नसले तर मासे दोन दिवसांत उताणे!’

महिना! आणि तुम्हाला सांगतो, बायकोनंही महिनाच दिला होता. टाकी ठेवलीय त्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात तिला शिलाई मशीन ठेवायचंय. ‘अहो, तुमचं गिटार अर्धं, बागकाम अर्धं, योगासनं तर पहिल्याच आसनात अडकली. महिन्याभरात मासे दिसले नाहीत ना, तर टाकी बाहेर!’ म्हणजे एक दिवस इकडचा तिकडे झाला की मी संपलो!

मग काय, लागलो कामाला. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकायचं, कारण जंतूंनाही भूक असते म्हणे! बायको मागे उभी. ‘कोणाला वाढताय?’ ‘जंतूंना.’ ‘आणि स्वतःचं ताट कोण उचलणार?’ ... वरच्या मजल्यावरचे काका तर चष्मा लावून, पुसून, परत लावून पाहतात. ‘मासे फारच बारीक दिसतात हो!’ नाहीयेत काका! मासे नंतर, आधी पाणी! रोज टाकीतलं पाणी नळीत घ्या, तपासणीच्या औषधाचे थेंब टाका, रंग बघा... पिवळा म्हणजे पाणी तयार, हिरवा म्हणजे घाण अजून बाकी; हिरवा आला की तोंड पाडून बसा. पण सोडलं नाही हं मी! एक दिवस चुकलो नाही!

आणि बरोब्बर तिसाव्या दिवशी पिवळा! हवा तस्सा पिवळा! अहो, नळी घेऊन घरभर नाचलो. तसाच धावत दुकानात. दुकानदार पहिल्यांदा हसला, ‘न्या आता,’ म्हणाला. पिशवीत सहा मासे, पिशवी छातीशी, आणि मी रस्त्यानं असा चालतोय की जणू बाळंतपण करून आलोय.

दार उघडलं बाबांनी. आता आमचे बाबा म्हणजे उभा जन्म दवाखान्यात स्वच्छता निरीक्षक! ‘ये ये! पाहुणे यायचे म्हणून टाकी घासून ठेवली बघ!’ म्हटलं, बाबा... स्पंज? ‘तो तर आधी! शी, काय बुळबुळीत झाला होता रे! साबणानं धुतला, वरून उकळतं पाणी ओतलं. एक जंतू जिवंत ठेवला नाही!’

आता सांगा, रागवणार कोणावर? पंचाहत्तर वर्षांचा माणूस, बाह्या वर केलेल्या, कपाळावर घाम आणि तोंडभर हसू! गेलो परत, मासे दुकानात सोडले. दुकानदारानं सगळं ऐकलं, तोंड उघडलं... म्हटलं, बोलू नका, पाठ आहे मला. मासे नंतर, आधी पाणी!

बायको खिडकीत उभी होती. म्हटलं, आता पडणार टाकी बाहेर. तर हळूच म्हणते, ‘तीस दिवस एक काम न चुकता केलंत हो. लग्नानंतर पहिल्यांदाच. घ्या आणखी एक महिना.’ डोळ्यांत पाणीच आलं हो माझ्या! तेवढ्यात बाबांनी मायेनं पाठीवर हात ठेवला. ‘आणि तू अजिबात काळजी करू नकोस. आता दर रविवारी स्पंज मीच धुणार!’

मी म्हटलं... ‘बरं, बाबा.’