नळीतलं पाणी

— "अगं, कोण आलंय बघ!" अशीच ओरडायची ना आई स्वयंपाकघरातून, दार वाजलं की?

— अशीच. "अगं" लांबवून, "बघ" तोडून. पोरी, हे तू लोकांसमोर ट्रॉम्बोनमधून वाजवणार?

— वाजवणार, त्यात बोलणार, मध्येच सरकती नळी काढून नुसत्या कर्ण्यातून हाका मारणार. एकटीच. बाबा, बसा ना! येरझारा काय घालताय?

— अख्खा जन्म बँडात फुंकण्यात गेला माझा. आमच्या मास्तरांनी तुला खुर्चीवर चढून वाद्याशी भांडताना पाहिलं असतं, तर ते काढून घेऊन हातात झाडू दिला असता.

— झाडू आहेच तिथं. दुसऱ्या भागात लागतो.

— धन्य आहे!

— थांबा... फुंकतेय, तर घरघर का येत नाहीये? बाबा, नळीतलं पाणी?

— सांडून टाकलं. पुसून कोरडी केली. तेलाचं बोटही फिरवलं.

— सांडलं? अहो, मुद्दाम भरलं होतं! त्या घरघरीवर तर माझा शेवट उभा आहे.

— नळीत पाणी राहिलं की सूर फाटतो. सवय ती. वाद्य दिसलं की हात आपोआप जातो.

— सकाळी तालमीत मी पाणी ओतताना समोर होतात तुम्ही. आणि वाजवायला लागले, तसे उठून गेलात.

— चहा प्यायला.

— चहा तुमचा खुर्चीखाली गार झाला होता.

(बाहेर पहिली घंटा होते.)

— बाबा, खरं सांगा.

— ती घरघर तेवढी नको वाजवूस. बाकी नळी डोक्यावर घेऊन नाच हवं तर.

— पण का?

— तशीच वाजत होती तिची छाती. शेवटी.

— तुम्ही फोनवर म्हणालात, झोपेत गेली. शांत.

— तू तिकडं परमुलखात. रडली असतीस कुणाच्या गळ्यात पडून?

— मी तो आवाज मनानंच बांधला हो, बाबा. मला कुठं ठाऊक... राहू दे. कोरडीच वाजवते.

— नको. तो पाण्याचा पेला दे इकडं. नळी सरळ धर.

— बाबा, तुम्ही स्वतः ओतताय?

— ओततोय. हं... बास. एवढंच.

— माझं काही विचारलं का तिनं?

— दाराशी खुट्ट झालं की विचारायची, "अहो, कोण आलंय बघा." मी उठायचो, दार उघडून बघायचो, परत येऊन बसायचो.

— काय सांगायचात?

— सांगायचो, "वारा आहे गं. येईल ती."