त्याला कानडी कळती का?

मुलगा पटकीनं गेल्यापासून इरम्मा रडलीच नव्हती. म्हणून शेजारच्या सारजाबाईनं तिला मुरुम गावाहून बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात आणलं. निजामाच्या मुलखात त्या बाजूला दुसरा दवाखाना होता कुठं? रांगेतली पुढची बाई, रूथबाई, देवाचं नाव घेत इरम्माशी बोलू लागली, तशी सारजाबाईनं कान दिला.

“माझा बी ल्योक त्याच साथीत गेला, बाई.”

“तरी देवाचं नाव घेता?”

“आधी लई भांडले त्याच्याशी.”

“देवाशी?”

“व्हय. मग ध्यानात आलं, येशू त्याचाच ल्योक. त्याच्या डोळ्यांदेखत क्रुसावर गेला. तवापास्नं दोघं मिळून रडतो.”

“तुमच्या देवाला कानडी कळती का?”

“रडून बघा की.”

“नन्न मगा!” अशी कानडीतच लेकराला हाक मारत इरम्मानं हंबरडा फोडला.

“चला, पुढं सरका,” कंपाउंडर ओरडला.

“थांबा वो, दादा,” सारजाबाई डोळे पुसत म्हणाली, “रडू द्या तिला.”