एक ठोका म्हनजे हाय

आमचं गाव शेवगावच्या पल्याड, नाव सांगत न्हाई, सांगितलं तर गाववाले म्हनतील मंगल केडगावला जाऊन गावाच्या गोष्टी विकती. जमीन सगळी मुरमाड, पानी खोल, आनि पानी खोल म्हनल्यावर विहीर खोदनाऱ्याला मरन न्हाई, असं आमचे आप्पाच म्हनायचे. आप्पा म्हनजे माझे वडील. दसऱ्यानंतर सारं गाव कारखान्यावर ऊस तोडायला जायचं, आप्पा जायचे न्हाईत, ते म्हनायचे वर वाकून राबन्यापरीस खाली ताठ उभं राहून राबलेलं बरं. लई ताठ मानूस. बोलनं कमी. माझ्यावानी न्हाई, मी आईवर गेले.

आता विहिरीचं एक सांगते, ते नीट ऐका. खाली मान्सं खोदत्यात, वर यारी असती, यारी म्हनजे दगड-मुरूम वर वडायचं मशीन, आनि ते मशीन धडधडायला लागलं की खालच्यानं किती बी बोंब मारली तरी वर काय ऐकू येत न्हाई. म्हनून ठोक्याची बोली. वरच्यानं काठावर घन आपटायचा, म्हनजे विचारायचं, हाय का? खालच्यानं पहारीनं कातळावर एक ठोका दिला म्हनजे हाय, बरं हाय. दोन दिले म्हनजे वर घ्या. बास, एवढीच भाषा. आई भाकरी घेऊन जायची तवा काठाला बसून भुईवर तळहात ठेवायची आनि म्हनायची, ठोका कानाला यायच्या आधी हाताला येतो बघ. मला बी ठेवायला लावायची. मला घंटा काय लागायचं न्हाई, पन तिला बरं वाटावं म्हनून मी मान हलवायची.

काय सांगू तुमाला, त्या दिवशी खाली आप्पा एकलेच हुते. दरड कोसळली. यारीवर धोंडीतात्या हुता, आप्पाचा चुलतभाऊ, त्यानं मशीन बंद केलं आनि वरडत गावात पळत आला. मान्सं उतरली, दगड काढायला लागली, तर एक काढावा आनि वरनं दोन यावेत, त्यात पाझर फुटला, सगळा चिखल. जानती मान्सं म्हनली आता कोनी उतरायचं न्हाई, अजून चार जीव जातील. दिवस मावळायला आल्ता. तात्यानं शेवटचा घन उचलला आनि काठावर आपटला. हाय का? आई भुईवर पालथी पडली, दोनी हात पसरून. आनि म्हनली, एक ठोका आला. हाय ते.

मग सगळ्यांनी हात ठेवले. कोनाला काय लागलं न्हाई. मी बी ठेवला. मला काय लागलं ते मला आज बी सांगता यायचं न्हाई, लई लहान हुते, आनि आईकडं बघून भ्याले हुते. बायांनी आईला वडून घरी आनलं. पुढं ज्याच्या मळ्यात ती विहीर चालली हुती त्या मालकानं ती मुरूम टाकून बुजवली, वर माती वडली, सपाट केली. आप्पा खालीच.

दहाव्याला बाया कुंकू पुसायला आल्या तर आई दारात उभी राहिली कोयता घेऊन. म्हनली, मान्सानं सवता सांगितलंय हाय म्हनून, आनि तुमी कोन न्हाई म्हननाऱ्या? झालं. तवापासनं ती ना सवाष्नीत ना विधवेत. संक्रांतीला वान द्यायला कोनी बोलवायचं न्हाई, आनि कपाळ मोकळं न्हाई म्हनून विधवा बी जवळ करायच्या न्हाईत. उसाला गेली तर तिथं बी तीच गत. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात, एकल्या बाईला म्हनायचं अर्धा कोयता. आई अर्धा कोयता आनि मी शेपूट. मुकादम विचारायचा, मावशे, मालक कुठाय? आई म्हनायची, कामावर हाय.

हसू नका. आमी बी हसत नव्हतो.

आनि गावाचं बघा, गाव लई चाबरं असतं. दरसाल यात्रेच्या दिवशी धोंडीतात्या घनाऐवजी ढोल घेऊन त्या जागेवर जायचा आनि टिपरू न वापरता मुठीनं एकच दनका द्यायचा, आई हात ठेवायची, आनि मान हलवायची. सुरवातीला लोकं म्हनायचे येडी हाय. मग एका साली तिनं मान हलवली आनि पाऊस चांगला झाला. झालं, गावानं रीतच करून टाकली. देवाची पालखी मळ्याच्या बांधाला थांबायची, हलगी बंद, ताशा बंद, लेकरांची तोंडं दाबायची, तात्या दनका द्यायचा आनि सगळं गाव आईच्या मानेकडं बघत उभं राहायचं. मान हलली की म्हनायचे, पानी हाय यंदा. जिला वान देत नव्हते तिच्या मानेवर पेरा करत हुते. मला राग यायचा. आईला न्हाई. ती म्हनायची, त्यांना काय पाहिजे ते त्यांनी घ्यावं, मला एक ठोका मिळतो.

माझं म्हनाल तर माझं लगीन केडगावात झालं. आमचे मालक बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवत्यात. हळद, लगीन, जागरन, पुढाऱ्याचा वाढदिवस, जे असेल ते. पार्टीतला बेस गिटारवाला एका सीझनला ऐन लग्नसराईत सोडून गेला, तवा मालक म्हनले तू धर. मी म्हनलं मी कोयता धरलेली बाई. ते म्हनले म्हनूनच. खरंच हो, त्या तारा असल्या जाड, नव्या पोरांची बोटं सोलून निघायची, माझ्या बोटांना कोयत्यानं आधीच घट्टे पडलेले, मला काय झालंच न्हाई. लोकं बघायला यायची, बाई बेस वाजवती. आता कोनी बघत न्हाई, सवय झाली.

त्यातच ते पेडल आलं. सब-बेसचं. जेवनाच्या डब्याएवढी लोखंडी पेटी, पायानं दाबायची. गिटारची वायर आधी तिच्यात, मग अँपमधे, मग बॉक्समधनं आवाज. तुमी जो सूर वाजवता त्याच्या खाली ती अजून एक सूर लावती, इतका खाली की कानाला कमी लागतो आनि पोटाला जास्ती. मांडवाचे खांब हलत्यात, पानी भरलेल्या पिंपावर गोल गोल उठत्यात. लोकं नाचत्यात आनि त्यांना कळत न्हाई अंगाला काय व्हतंय. फक्त तिची एक खोड हाय, तिला एका वेळी एकच सूर द्यायचा. चुकून दोन तारा संगं वाजल्या तर ती गडबडती, कोनच्या सुराखाली जावं कळत न्हाई, घास अडकल्यावानी घुरघुरती. हे ध्यानात ठेवा.

तर धोंडीतात्या गेला. ढोल त्याच्या पोरांनी माळ्यावर टाकला, उंदरांनी कातडं खाल्लं. यात्रेला डीजे आला. पालखी बांधाला थांबली खरी, पन डीजेवाला कशाला थांबतोय, त्याची धडधड चालूच, आईनं हात ठेवला आनि नुसती डीजेचीच धडधड हाताला आली. तिनं मान हलवली न्हाई. दुसऱ्या साली बी न्हाई. मी तिला केडगावला आनली तर ती जेवनात लक्ष देईना. अर्धी भाकरी, ती बी भिजवून. एकच धोशा. म्हनायची, ते बोलायचे थांबले का आपन विचारायचं थांबलो, हे मला कळल्याबिगर माझा जीव जायचा न्हाई गं मंगल. आनि एक दिवस मी घरात वाजवत हुते, ती फरशीवर बसली हुती, पेडल दाबलं तशी तिनं झटकन तळहात फरशीला लावला. म्हनली, ही पेटी खाली जाती.

मी म्हनलं आई, हे सगळं येडेपना हाय. मी बोलले बी लई. म्हनलं, हाडं बी मुरली असतील. ती म्हनली, मग तसं तरी कळू दे.

गेलो मग. यात्रेच्याच दिवशी, पन पालखीच्या आधी, दुपार कलल्यावर. मालकांनी टेम्पोत अँप घातला, मोठा बॉक्स घातला. मळ्यात लाइट दिवसाची हुती, मोटारीच्या पेटीतनं वायर वडली, मोटार बंद ठेवली. जनरेटर न्हाई, वारं न्हाई, टेम्पो बी बंद. बॉक्स भुईवर पालथा घातला, तोंड खाली. आई शेजारी बसली, हात ठेवला. मालक बांधावर उभे.

मी सगळ्यात जाड तार मोकळी छेडली आनि पेडल दाबलं. तर ते घुरघुरलं.

मी म्हनलं दुसऱ्या तारेला धक्का लागला आसंल. बाकीच्या तारा हातानं दाबून धरल्या, परत एकच सूर. परत घुरघुर, घास अडकल्यावानी. मालक म्हनले वायर बघ. वायर बघितली. म्हनले सरकून बघ. बॉक्स उचलून आमी बांधापलीकडं नेला, सूर सोडला, एकदम स्वच्छ, जसा पाहिजे तसा. परत जागेवर आनला. घुरघुर. पेटीला वाटत हुतं कोनीतरी संगं दुसरी तार वाजवतंय. आमचे मालक तसे कशाला न भिनारे, पन ते बांधावरनं खाली काय उतरले न्हाईत.

आई म्हनली, तू नुसती वाजवत काय बसलीस, विचार. आनि विचारून गप बस.

मी एकच सूर दिला. जोरात. आनि हात तारांवर ठेवून सगळं बंद केलं, पेडलवरनं पाय काढला. हाय का? विचारलंच मी मनात, खोटं कशाला सांगू. पाखरं सुदिक गप. आनि माझ्या हाताखाली, मी दाबून धरलेली ती जाड तार हलली. एकदा. मग, मी श्वास घेतला न्हाई तवर, परत एकदा.

माझा पाय पेडलवर नव्हता, देवाच्यान.

मी आईकडं बघितलं. ती बोलली तवा तिचा आवाज तरन्या बाईवानी आला. म्हनली, दोन. मग म्हनली, वर घ्या म्हनत्यात.

मी रडायला लागले. म्हनलं आई, आपन पोकलेन आनू, खांदू, मी मळ्याच्या मालकाच्या पाया पडते. ती म्हनली, गप. ते किती साल हाय हाय म्हनत राहिले, का तर मी विचारत राहिले. मानूस कामावरनं सुटनार कसं, वरचं दोर सोडंना तर? आनि तिनं पदर जिभेला लावून वला केला आनि कपाळ पुसलं. सवताच्या हातानं. सगळ्या गावाच्या बायांना जे जमलं न्हाई ते. मी तिचा हात धरला, म्हनलं नको गं, काय गरज न्हाई, आता कोन बघतंय. लई राग आला मला, आप्पाचा बी आला. तिनं बांगड्या काढल्या, फोडल्या न्हाईत, मातीवर ठेवल्या, आनि त्या भुईला म्हनली,

"या आता वर. मी सोडलं."

पालखी आली तवा आई बांधावर बसली हुती मोकळ्या कपाळानं. लोकं मानेकडं बघत राहिले. तिनं मान हलवलीच न्हाई. म्हनली, पान्याचं तुमचं तुमी बघा.

त्या पावसाळ्यात ती जागा खचली. कमरेएवढा गोल खड्डा, विहिरीच्या मापाचा. मळ्याचा मालक म्हनला भराव बसला, असं व्हतंय. व्हत आसंल. पन मग इतकी सालं का न्हाई बसला? बांगड्या मी शोधल्या, त्या काय सापडल्या न्हाईत.

यंदा यात्रेला मी परत बॉक्स नेला. आई आली न्हाई. म्हनली, तू बघून ये. खड्ड्याच्या काठाला बॉक्स पालथा घातला, तीच तार छेडली, पेडल दाबलं. एकदम स्वच्छ. असा स्वच्छ सूर की दुकानात वाजवला असता तर चार जनांनी पेडल घेतलं असतं. हात ठेवून थांबले. तार हलली न्हाई. ऊन उतरलं तवर थांबले, आनि काय सांगू, माझे आप्पा मला त्या दिवशी वारले बघा. इतक्या सालांनी.

घरी येऊन आईला सांगितलं, स्वच्छ वाजतंय. ती म्हनली, पोचले. आनि त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

आता बरं चाललंय. माझी नात आईच्या कपाळाला काळी टिकली लावती, ती लावून घेती, म्हनती ही काय कोनाच्या नावाची न्हाई, ही आमच्या दोघींची हौस हाय. गुडघे धरत्यात, पन तब्येतीनं ठनठनीत. तुमचं बी भलं होवो, ऐकून घेतलंत. संध्याकाळी मी वाजवायला बसले की ती येती, जवळ फरशीवर बसती आनि तळहात खाली ठेवती. मी विचारते, आई, काय लागतं का?

ती म्हनती, न्हाई. काय बी न्हाई. बरं झालं.

पन हात काय उचलत न्हाई.