गाण्यामागचा रेडिओ

त्या दिवशी धुकं इतकं होतं, की जामुलकडची बस अंगावर आली तेव्हाच दिसली. तरी मी हळूहळू मंडळाच्या हॉलमध्ये पोहोचलो. घरी केलेल्या रेकॉर्डिंगची स्पर्धा होती. माझी बायको मागच्या पावसाळ्यात गेली. तिनं चुलीशी म्हटलेलं भुलाबाईचं एक गाणं माझ्या मोबाइलात होतं, शेजारच्या कुंदाताईनं घेतलेलं. तेच मी देलं. बक्षीस नको होतं. चार लोकांनी तिचा आवाज ऐकावा, एवढंच मनात होतं.

परीक्षक मॅडमनं अर्ध्यातच थांबवलं. "काका, मागं रेडिओ फार जोरात आहे. बाईंचे शब्दच कळत नाहीत. हे नाही घेता येणार."

मी रोज ऐकायचो, मले तर तिचाच आवाज यायचा. मग वाटलं, क्वार्टरच्या भिंती पातळ, रेडिओ कुंदाताईकडचाच असेल. घरी येऊन तिले म्हटलं, "कुंदाताई, त्या दिवशी घरचा रेडिओ थोडा बंद करून आली असती तर?"

मेथी निवडता निवडता ती थांबली.

"आमच्याकडं रेडिओ नाही, भाऊ. वहिनी गायले लागली का तुमीच तुमचा मोठा करत होते."