कापलेलं अर्धं मिनिट

व्हिडिओनं शिकवणं सोपं झालं म्हणता ना गा? मग माह्यं ऐका. आयटीआयमध्ये मी मशीनच्या रोलरमध्ये अडकलेला धागा कसा काढायचा, याचा व्हिडिओ दाखवायचो. सुरुवातीचं अर्धं मिनिट व्हिडिओतला माणूस नुसता मेन स्विच बंद करते, त्याले कुलूप लावते. पोरंपोरी जांभया देत, म्हणून मी तेवढं कापलं. क्लिप अशी झकास झाली, का सगळ्यांनी मोबाइलवर घेतली.

मागच्या महिन्यात माही एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. बुटीबोरीले कापडाच्या कंपनीत होती. उजव्या हाताची दोन बोटं गेलेली.

मी म्हटलं, "काहून वं, मशीन बंद नाही केली?"

चिडली नाही बिचारी. म्हणे, "सर, तुमच्या क्लिपमध्ये तर कोणी बंद करतच नाही."