टाकीतले बुडबुडे

शिकलेल्या माणसाला समजावणं किती कठीण असतं, ते मला विचारा. मलकपेठेत आमच्या सांडपाण्याच्या प्लांटवर फॉस्फरस काढायचं काम जिवाणू करतात. पहिल्या टाकीत त्यांना हवेवाचून ठेवायचं. मग दुसरीत हवा मिळाली की ते अधाशासारखा फॉस्फरस गिळतात. तपासणीला आलेले साहेब पहिल्याच टाकीशी थबकले.

"यात बुडबुडे का नाहीत?"

"इथे हवा द्यायची नसते, साहेब."

"म्हणजे मुक्या जिवांना गुदमरवता? हवा सोडा!"

आमचा ऑपरेटर यादगिरी माझ्या कानाशी पुटपुटला, "नक्को साब, पूरा काम बिगड़ जाता." पण हुकूम तो हुकूम. त्याने शेजारच्या टाकीतली हवेची नळी ओढून आणली. बुडबुडे उठले. साहेबांनी त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतला आणि वहीत शेरा मारला, 'हवा कायम चालू ठेवावी.'

आठवड्याभरात साहेबांचीच नोटीस आली: 'बाहेर सोडलेल्या पाण्यात फॉस्फरस का वाढला?' मी लिहिलं, 'पहिल्या टाकीत हवा सोडल्यामुळे.' सोबत तो फोटो जोडला.

लगेच उत्तर आलं: 'फोटो छान आहे. हवा सोडायला कोणी सांगितलं, त्याचं नाव कळवा.'