गिरजाबाईची गंज

मंडळी, खरं सांगा! देवाला हाक मारताना कुणाला लाज वाटते का हो? कुणालाच नाही! जो डोळ्यांना दिसत नाही त्याला गळा फाडून बोलावतो — आणि कुंपणापलीकडं धडधडीत दिसतो त्या शेजाऱ्याला हाक मारायची म्हटलं, की जीभ टाळूला चिकटते! असं का? नाही ना सांगता येत? मग ऐका!

डोंगराच्या कुशीत एक वाडी. तिथं गिरजाबाई राहायची. घरी चार गाई, दोन म्हशी आणि एक नवरा — ज्ञानू! तो बांधावरून घसरला, पाय मोडला, बाजेवर पडला. म्हणजे वैरण घालायची सहा जीवांना, आणि जाग्यावर ताट द्यायचं सातव्याला! (पुरुषमंडळी, हसा की! तुमच्याच घरचं आहे!)

कार्तिक महिना. बाईनं एकटीनं उतारावरचं गवत कापलं, वाळवलं, पेंढ्या बांधल्या. आता ते घरामागच्या परड्यात आणून त्याची उंच गंज रचली, की पावसाळ्यापर्यंत जनावरांचा घोर मिटला! एवढ्यात — डोंगरामागून काळाकुट्ट ढग! वाळलं गवत भिजलं की कुजलं, आणि कुजलेल्याला गाय तोंड लावत नाही!

ज्ञानू बाजेवरून ओरडला, "अगं, हौसाला हाक मार! तिच्या घरात माणसं हायत!"

"जीभ झडली तरी मारणार न्हाई!"

का? तर शेजारणीच्या, हौसाबाईच्या म्हशीनं हिचं वाळत घातलेलं नवंकोरं लुगडं चघळलं होतं! तीन वर्षं झाली! म्हैस कधीच विसरली — बाया विसरल्या नाहीत!

झालं! बाई डोक्यावर भारा घेऊन पळतेय, टाकतेय, पुन्हा चढतेय. वर बघावं तर ढग निम्म्या आभाळात! खाली गोठ्यात गाय हंबरली — आणि मंडळी, बाईच्या डोळ्यांपुढं भर उन्हाळ्यातली रिकामी गव्हाण उभी राहिली. मटकन बसली. "देवा, धाव रे!" — अशी ओरडली, की पाखरं उडाली!

देव म्हणाला असेल, "बाई, एवढा खणखणीत आवाज दिलाय, तो जरा खाली वळव की!"

तिनं डोळे मिटले. तोंड खाली वळवलं. "हौसेऽऽऽ!"

तव्यावरची भाकरी तव्यावर! हौसाबाई पिठाच्या हातानं धावत सुटली, मागं तिचं घर, त्यामागं अख्खी वाडी! "बोलाय आले न्हाई हां! गवताला आले!"

"मग बोलू नगंस! भारा उचल!"

कुणीतरी ढोल काढला — ढिपांग ढिपांग! या हातातून त्या हातात पेंढ्या उडताहेत! ज्ञानू बाजेवरून हुकूम सोडतोय, त्याला कुणी विचारत नाही! गंज चढली. शेंडा रचायला दोघी वर गेल्या, ताडपत्री ओढली — आणि धो धो पाऊस! माणसं पळाली. पळताना एका शहाण्यानं शिडी उचलून नेली. का? तर शिडी भिजेल!

वर ताडपत्रीखाली दोघीच! उतरायला वाट नाही. दोघी एकमेकींकडं पाठ करून बसल्या.

शेवटी हौसाबाई म्हणाली, "सरक की जरा. भिजतीया मी."

गिरजाबाई सरकली. म्हणाली, "लई वाट बघाय लावली न्हवं मी?"

"लई," हौसाबाई म्हणाली. "रोज सांजंला वाटायचं, आज हाक मारंल. तुला हाक माराय आभाळ फाटावं लागलं व्हय गं?"

गिरजाबाईच्या डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर हसू फुटलं! दोघी अशा खदाखदा हसल्या, की गंज हलायला लागली! खाली ज्ञानू घाबरून ओरडतोय, "अगं, पाडशीला! पाडशीला!"

पडली नाही. कोरडी राहिली. जनावरं पोटभर खाऊन जगली.

आता तुमच्याकडं वळतो! देव आला का हो तिच्या हाकेला? आला की! पिठानं भरलेले दोन्ही हात घेऊन आला! आणि तुम्ही? याच मंडपात तुमचं एक माणूस बसलंय. त्याला टाळून तुम्ही खांबाआड बसलाय — मला इथनं दिसतंय बरं! त्याच्याकडं वळा. नाव घेऊन हाक मारा. मोठ्यानं!

मारा. मी थांबतो.